नियंत्रण-लूप वायफायवर चालवताना: पॅकेट वेळेत पोहोचवण्याची पद्धतशीर तयारी

गोव्यातल्या कुंडई, मडकई, वेर्णा किंवा पिसुर्ले येथील औद्योगिक वसाहतींतल्या अनेक कारखान्यांत सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आवाराच्या उताराकडच्या टोकाला, पाण्याची टाकी उंचावर आणि पीएलसीचे, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाचे, पॅनेल मुख्य इमारतीत असते. जांभ्या दगडात चर खणून केबल टाकण्याचा खर्च आणि त्यासाठी लागणारा वेळ पाहिला की सेन्सर, पंप आणि पॅनेल वायफायने जोडण्याचा निर्णय सहज घेतला जातो. सुरुवातीला सारे सुरळीत चालते. नंतर कधीतरी, बहुधा शिफ्ट बदलण्याच्या सुमारास, दाबाचा आकडा क्षणभर गोठतो, पीएलसी जुन्याच आकड्यावर विसंबून पंपाचा वेग वाढवत राहते, आणि नवा आकडा येतो तेव्हा दाब मर्यादेबाहेर गेलेला असतो. यावर ‘नेट स्लो आहे’ असे निदान होते आणि जास्त वेगाचा ॲक्सेस पॉइंट मागवला जातो.

हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. दाबाचे एक मापन काही बाइटांचे असते. त्याला वेग जवळजवळ लागतच नाही. ते प्रत्येक वेळी ठरलेल्या मुदतीत पोहोचावे, एवढीच त्याची गरज असते. म्हणून नियंत्रणासाठी सेवेची गुणवत्ता (क्यूओएस) म्हणजे नियंत्रकाने निर्णय घेतला त्या क्षणी त्याच्या हातातली माहिती किती जुनी होती, आणि सर्वांत वाईट प्रसंगी ती किती जुनी होऊ शकते. सरासरी विलंबाचा येथे फारसा उपयोग नाही. पुढील पायऱ्या इन्स्ट्रुमेंटेशन आणि आयटी या दोन्ही विभागांनी एकत्र बसून कराव्यात, कारण निम्मी उत्तरे एका विभागाकडे आणि निम्मी दुसऱ्याकडे असतात.

पहिली पायरी: लूपला किती विलंब सोसतो ते काढा

काम ॲक्सेस पॉइंटपासून नव्हे, लूपपासून, म्हणजे मोजणे, निर्णय घेणे आणि यंत्राला आदेश देणे या सतत चालणाऱ्या चक्रापासून, सुरू करावे. प्रत्येक लूपची क्रॉसओव्हर वारंवारता, म्हणजे ते लूप साधारण किती जलद प्रतिसाद देते हे दर्शवणारा आकडा, माहीत असेल तर विलंबाची किंमत एका गुणाकारात कळते: वारंवारता हर्ट्झमध्ये, विलंब सेकंदांत, आणि गुणिले ३६०. उत्तर अंशांत येते आणि तेवढे अंश फेज मार्जिनमधून, म्हणजे लूप डोलू लागण्यापूर्वी हाताशी असलेल्या सवलतीतून, वजा होतात.

पंपाच्या दाबाचे लूप ०.५ हर्ट्झचे आहे आणि जाण्या-येण्याचा एकूण विलंब १०० मिलिसेकंद आहे असे धरू. नुकसान १८ अंशांचे झाले. सेन्सर दर १०० मिलिसेकंदांनी मापन पाठवत असेल, तर दोन मापनांमध्ये जुनाच आकडा धरून ठेवल्यामुळे सरासरी अर्ध्या कालावधीचा, म्हणजे ५० मिलिसेकंदांचा, आणखी विलंब होतो आणि ९ अंश जातात. मूळ मार्जिन ४५ अंशांचे होते असे मानले तर आता १८ अंशच उरले. असे लूप डोलू लागणारच. याउलट वरच्या टाकीच्या पातळीचे लूप ०.००५ हर्ट्झचे असेल, तर पूर्ण एक सेकंदाच्या विलंबानेही केवळ १.८ अंश जातात. दोन्ही लूप एकाच जाळ्यावर असली तरी त्यांच्या गरजा एकसारख्या नाहीत, आणि दोघांना समान प्राधान्य देणे ही पहिल्यावर अन्याय करणारी रचना आहे.

प्रत्येक लूपसाठी चार आकडे कागदावर लिहावेत: मापनाचा कालावधी, सोसवणारा कमाल विलंब, लागोपाठ किती मापने हुकली तरी चालतील, आणि त्यापुढे यंत्राने कोणत्या सुरक्षित स्थितीत जावे. तिसरा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. शंभरातले एक पॅकेट अधूनमधून हुकणे बहुतेक लूप पचवतात. तेच नुकसान दहा पॅकेटांच्या सलग खंडाच्या रूपाने आले तर तेच लूप कोसळते.

दुसरी पायरी: हवेतून काय न्यायचे नाही ते ठरवा

या पायरीने जितका फायदा होतो तितका पुढच्या कोणत्याही सेटिंगने होत नाही. जलद लूप शक्य तिथे यंत्राजवळच पूर्ण करावे. दाबाचा ट्रान्समीटर पंपाच्या ड्राइव्हलाच (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाला) तारेने जोडला, तर आजच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये असलेले पीआयडी (मोजलेले मूल्य अपेक्षित मूल्याशी जुळवणारे नियंत्रण-गणित) दाब सांभाळते आणि वायफायवरून केवळ अपेक्षित दाबाचा आकडा पाठवावा लागतो. हा आकडा दोन सेकंद उशिरा आला तरी पाइप फुटत नाही. ड्राइव्हमध्ये सोय नसेल तर पंपघरात छोटी पीएलसी बसवावी.

आणीबाणीचे बटण साध्या वायफायवर कधीही ठेवू नये. ते तारेने जोडावे, किंवा स्वयंचलित ट्रॉलीसारख्या फिरत्या यंत्रासाठी प्रोफिसेफसारखा प्रमाणित सुरक्षा-प्रोटोकॉल वापरावा. तो जाळ्यावर विश्वासच ठेवत नाही. ठरलेल्या वेळेत संदेश आला नाही की यंत्र थांबवतो. त्यामुळे माणसे सुरक्षित राहतात, मात्र जाळे खराब असेल तर ट्रॉली दिवसभर थांबत राहते. म्हणजे सुरक्षा प्रोटोकॉलने मिळते आणि उत्पादन जाळ्याच्या गुणवत्तेने टिकते.

तिसरी पायरी: बदल करण्यापूर्वी मोजा

साधी पिंग चाचणी उपयोगी आहे, पण दिशाभूलही करते. ती सामान्यतः सेकंदाला एकच पॅकेट पाठवते, प्राधान्याची खूण लावत नाही आणि शेवटी सरासरी दाखवते. त्याऐवजी खऱ्या लूपच्याच दराने आणि आकाराने यूडीपी (पोचपावतीची वाट न पाहणारी) पॅकेटे पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी. प्रत्येक पॅकेटात अनुक्रमांक आणि वेळ असावी, आणि दोन्ही टोकांची घड्याळे एनटीपीने, अधिक अचूकता हवी असल्यास पीटीपीने, जुळवलेली असावीत. चाचणी किमान पूर्ण एक दिवस चालवावी, म्हणजे शिफ्ट बदल, जेवणाची सुट्टी, फोर्कलिफ्टची वर्दळ आणि सीसीटीव्हीचा भार हे सगळे तिच्यात येते.

निकालातून ९९.९ टक्के पॅकेटे किती वेळात पोहोचली, कमाल विलंब किती, आणि सर्वांत लांब सलग खंड किती पॅकेटांचा, हे तीन आकडे काढावेत. सेकंदाला १० पॅकेटे म्हणजे दिवसाला ८,६४,०००, त्यांतली ९९.९ टक्के वेळेत आली तरी ८६४ उशिरा आलेली किंवा हरवलेली असतात. ती दिवसभर विखुरलेली आहेत की दुपारच्या एका मिनिटात साचलेली आहेत, यावर सगळा निर्णय अवलंबून असतो. कालानुसार आलेख काढला की कारण बहुधा स्वतःच समोर येते.

चौथी पायरी: हवेतली गर्दी कमी करा

वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी साधारणपणे एकच उपकरण बोलू शकते. म्हणून खरे भांडवल म्हणजे हवेतला वेळ. प्राधान्याची सेटिंग हा वेळ वाटून देतात. तो नव्याने निर्माण करत नाहीत. चॅनेल आधीच भरलेले असेल तर प्राधान्याचा फायदा फारच थोडा मिळतो.

हा वेळ कुठे जातो ते पाहू. १५०० बाइटांची माहिती ५४ मेगाबिट वेगाने पाव मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात जाते; तीच १ मेगाबिट वेगाने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे दूर कोपऱ्यात कमकुवत सिग्नलवर चालणारा एक मोबाइल बाकी सर्वांना थांबवून ठेवू शकतो. ॲक्सेस पॉइंट स्वतःची ओळख देणारा बीकन साधारण १०२.४ मिलिसेकंदांनी एकदा पाठवतो. तो ३०० बाइटांचा असून १ मेगाबिट वेगाने जात असेल तर प्रत्येकाला सुमारे २.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे अडीच टक्के वेळ. एका ॲक्सेस पॉइंटवर कार्यालय, पाहुणे, सीसीटीव्ही आणि कारखाना अशी वायफायची चार नावे (एसएसआयडी) चालू असली तर दहा टक्के वेळ नुसत्या ओळख परेडीत गेला, आणि त्याच चॅनेलवर असे तीन ॲक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकू येत असतील तर तीस टक्के.

उपाय सरळ आहेत. १, २, ५.५ आणि ११ मेगाबिटचे जुने वेग बंद करून किमान वेग ६ किंवा १२ मेगाबिट ठेवावा. त्यापूर्वी आवारातले जुने बारकोड स्कॅनर केवळ जुन्या वेगावर चालणारे नाहीत ना, हे तपासावे. नावांची संख्या दोन-तीनवर आणावी. नियंत्रणासाठी स्वतंत्र चॅनेल राखून ठेवावा आणि त्यावर मोबाइल व लॅपटॉप येऊच देऊ नयेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल व्यवहारात वापरता येतात आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असते, म्हणून जलद लूपसाठी ५ गिगाहर्ट्झ निवडावे. भारतात या पट्ट्यातील ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे भाग २०१८ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाले. परवाना लागत नाही याचा दुसरा अर्थ असा की शेजारच्या कारखान्याच्या हस्तक्षेपापासून कायद्याचे संरक्षणही मिळत नाही. त्यामुळे वसाहतीतल्या शेजाऱ्यांशी बोलून चॅनेल वाटून घेणे हा तांत्रिक उपायांइतकाच परिणामकारक उपाय आहे.

५२ ते १४४ हे चॅनेल नियंत्रणासाठी शक्यतो टाळावेत. रडारचा सिग्नल ओळखला की ॲक्सेस पॉइंटला तो चॅनेल १० सेकंदांच्या आत सोडावा लागतो, अर्धा तास परतता येत नाही, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचे असल्यास आधी किमान ६० सेकंद ऐकत बसावे लागते. ही ओळख कधी कधी खोटीही असते. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६५ यांतले चॅनेल निश्चित करून ‘ऑटो’ निवड बंद करावी, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. लहान पॅकेटांचा बहुतेक वेळ पाळीची वाट पाहण्यात, प्रस्तावनेत आणि पोचपावतीत जातो, म्हणून ८० मेगाहर्ट्झ रुंदीने काही हाती लागत नाही. हस्तक्षेप मात्र वाढतो.

पाचवी पायरी: प्राधान्याची खूण शेवटपर्यंत टिकते का ते पाहा

२००५ च्या ८०२.११ई सुधारणेने वायफायमध्ये चार रांगा आणल्या: आवाज, चित्र, सामान्य आणि पार्श्वभूमी. बाजारात ही सोय डब्ल्यूएमएम या नावाने मिळते. आवाजाच्या रांगेतले उपकरण पाठवण्यापूर्वी ० ते ३ यांपैकी एक खण (अतिलहान कालखंड) यादृच्छिकपणे निवडून थांबते, तर सामान्य रांगेतले ० ते १५ यांपैकी. म्हणून पहिल्याला पाळी लवकर मिळते.

येथे दोन अडचणी येतात, आणि दोन्ही सेटिंगच्या पानावर दिसत नाहीत. पहिली खुणेची. आयपी पॅकेटावर सर्वोच्च तातडीची खूण म्हणून डीएससीपी ४६ लावतात. अनेक उपकरणे या सहा बिटांच्या आकड्याचे फक्त वरचे तीन बिट वाचतात. ते ५ होतात, आणि वायफायमध्ये ५ म्हणजे चित्राची रांग. आवाजाच्या रांगेसाठी ६ किंवा ७ लागतात. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजाने ४६ ला ६ शी जोडण्याची शिफारस केली आहे, पण आपले उपकरण तसे करते असे गृहीत धरू नये. क्यूओएस मॅपमध्ये स्वतः नोंद करावी आणि वायरशार्क या पॅकेट पाहण्याच्या सॉफ्टवेअरने हवेतली फ्रेम पकडून खात्री करावी. वाटेतला स्विच खूण पुसत नाही ना, हेही तपासावे, कारण ‘ट्रस्ट’ चालू नसेल तर कित्येक स्विच ती शून्य करतात.

दुसरी अडचण दिशेची. ॲक्सेस पॉइंटवर केलेले वर्गीकरण फक्त त्याच्याकडून बाहेर पडणाऱ्या पॅकेटांना लागू होते. सेन्सरकडून पीएलसीकडे येणाऱ्या मापनांची रांग सेन्सरच्या बाजूचा वायफाय क्लायंट किंवा ब्रिज (तारेचे उपकरण वायफायला जोडणारा दुवा) ठरवतो. मापने तर याच दिशेने येतात. साध्या ट्रान्समीटरला किंवा पीएलसीला खूण लावता येत नसेल, तर ब्रिजवर पोर्ट क्रमांकानुसार नियम लिहावा. मॉडबस टीसीपी या औद्योगिक प्रोटोकॉलसाठी तो ५०२ असतो.

सगळ्यांनाच आवाजाच्या रांगेत घालण्याचा मोह टाळावा. चारच खण असल्यामुळे दोन उपकरणांनी एकाच वेळी सुरुवात केली तर तोच खण निवडण्याची शक्यता चारात एक असते, आणि उपकरणे वाढली की टकरी झपाट्याने वाढतात. त्या रांगेत मोजकीच जलद लूप ठेवावीत, टाकीची पातळी चित्राच्या रांगेत टाकावी, आणि सीसीटीव्ही व फर्मवेअर अपडेट सामान्य किंवा पार्श्वभूमीच्या रांगेत ढकलावेत. शिवाय प्राधान्य असलेले पॅकेटही हवेत चालू असलेली फ्रेम तोडू शकत नाही. जोडून पाठवलेल्या पॅकेटांची एक मालिका ५ मिलिसेकंदांहून थोडी अधिक काळ हवा अडवू शकते. ॲक्सेस पॉइंटमध्ये सोय असेल तर सामान्य रांगेची टीएक्सओपी (एका पाळीत हवा वापरण्याची) मर्यादा २ मिलिसेकंदांच्या आसपास आणावी.

सहावी पायरी: जुन्या मापनांची रांग साचू देऊ नका

फाइल पाठवताना प्रत्येक बाइट पोहोचणे महत्त्वाचे असते. नियंत्रणात फक्त शेवटचे मापन महत्त्वाचे असते. अर्ध्या सेकंदाच्या अडथळ्यानंतर रांगेत साचलेली पाच जुनी मापने एकामागून एक पीएलसीत ओतणे हे ती गमावण्यापेक्षा वाईट आहे. म्हणून सेन्सरच्या बाजूने रांग एका पॅकेटाची ठेवावी: नवे आले की जुने टाकून द्यावे. वायफायच्या पातळीवरचे पुनःप्रयत्नही मापनाच्या कालावधीत बसतील इतकेच ठेवावेत.

याच कारणाने जलद मापनासाठी टीसीपी, म्हणजे पोचपावती मागणारा प्रोटोकॉल, गैरसोयीचा आहे. पोचपावती आली नाही तर लिनक्सचे टीसीपी पुन्हा पाठवण्यापूर्वी किमान २०० मिलिसेकंद थांबते, आरएफसी ६२९८ मध्ये तर किमान एक सेकंद सुचवला आहे, आणि तोवर मागची सगळी मापने अडून राहतात. उपकरण केवळ मॉडबस टीसीपीच बोलत असेल तर ते ब्रिजजवळच्या छोट्या गेटवेने तारेवर वाचावे आणि पुढे यूडीपीने पाठवावे. एमक्यूटीटी या संदेश-प्रोटोकॉलमधील ०, १ व २ हे क्यूओएस स्तर संदेश पोहोचण्याच्या हमीबद्दल असतात, वेळेबद्दल नाही. येथे त्यांचा उपयोग नाही.

आवारातून बाहेर जाणाऱ्या दुव्यावर किंवा सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरकडे जाणाऱ्या मार्गावर मोठे बफर भरून शेकडो मिलिसेकंदांचा विलंब होतो. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल चालू करता येत असेल तर करावे. ही पद्धत रांगेतला थांबा ५ मिलिसेकंदांच्या लक्ष्याभोवती ठेवण्याचा प्रयत्न करते.

स्थिर उपकरणांवर ऊर्जा-बचत आणि पार्श्वभूमीतले चॅनेल-शोधन दोन्ही बंद करावीत, कारण शोधन करताना क्लायंट आपला चॅनेल सोडून जातो आणि तेवढ्यात आलेले पॅकेट थांबते. फिरत्या ट्रॉलीला शोधन लागतेच, तिथे ८०२.११आर, के आणि व्ही या सोयी चालू करून ॲक्सेस पॉइंट बदलताना किती खंड पडतो ते मोजावे.

सातवी पायरी: हुकलेल्या पॅकेटाला लूपने काय उत्तर द्यावे

कितीही काळजी घेतली तरी पॅकेटे हुकतील. प्रत्येक मापनाबरोबर अनुक्रमांक पाठवावा आणि पीएलसीत त्याचे वय मोजावे. मापन शिळे असेल तर पीआयडीचा इंटिग्रल भाग गोठवावा, नाहीतर तो जुन्या चुकीवर आकडा वाढवत नेतो. सुरुवातीला वर्णिलेली दाबाची उसळी बहुधा येथूनच येते. पहिल्या पायरीत लिहिलेली हुकण्याची मर्यादा ओलांडली की आउटपुट सुरक्षित मूल्याकडे हळूहळू न्यावे, आणि संपर्क परतल्यावर एकदम नव्हे, हळूहळूच पूर्ववत करावे. डेरिव्हेटिव्ह (बदलाच्या वेगाला उत्तर देणारा) भाग वापरात असेल तर दोन मापनांमधला खरा कालावधी त्याला द्यावा, अन्यथा खंडानंतरच्या पहिल्या मापनाला तो झटका देतो.

पावसाळ्याचा हिशेब

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यामुळे बिनतारी जाळ्याच्या प्रत्येक बिघाडाचे खापर पावसावर फुटते. ५ गिगाहर्ट्झवर ताशी १०० मिलिमीटरचा मुसळधार पाऊसही किलोमीटरला फार तर एक डेसिबलच घेतो; आवारातल्या २०० मीटरांच्या दुव्यावर तो जाणवणारही नाही. ६० गिगाहर्ट्झच्या दुव्याला मात्र हाच पाऊस किलोमीटरला ३० डेसिबलच्या आसपास भारी पडतो, म्हणून ती उपकरणे नियंत्रणासाठी येथे निवडू नयेत.

खरे नुकसान इतर गोष्टींनी होते. मे महिन्यात मोकळी दिसणारी रेषा ऑगस्टमध्ये वाढलेल्या ओल्या पालवीने बंद होते. २०० मीटरांच्या दुव्याला मध्यभागी रेषेभोवती सुमारे १.६ मीटर त्रिज्येची जागा लागते, म्हणून काजू-फणसाच्या फांद्या पावसाच्या आधी तेवढ्या छाटाव्यात. पावसाळ्यासाठी तात्पुरते ठोकलेले पत्रे सिग्नल अडवतात. ते कुठे बसणार हे मेंटेनन्स विभागाकडून आधीच जाणून घ्यावे. चिऱ्याच्या भिंतीत पाणी मुरले की तिच्यातून जाणारा सिग्नल आणखी क्षीण होतो. कनेक्टरमध्ये पाणी शिरणे हे सर्वांत सामान्य कारण आहे: त्यावर स्वतःला चिकटणारी रबर टेप गुंडाळावी आणि केबल खोक्यात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते. वास्को-मुरगावच्या खाऱ्या हवेत हे कनेक्टर दर वर्षी उघडून पाहावेत. पावसाआधीच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांसाठी सर्ज अरेस्टर व नीट अर्थिंग लागते, आणि वीज क्षणभर गेली तरी ॲक्सेस पॉइंट पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर लागू शकतो, म्हणून ॲक्सेस पॉइंट आणि वाटेतले सगळे स्विच यूपीएसवर असावेत.

एवढे करूनही अपुरे पडले तर

दोन वेगळ्या चॅनेलवर दोन रेडिओ लावून प्रत्येक पॅकेट दोन्हींवरून पाठवणे, ही आयईसी ६२४३९-३ मधील पीआरपी पद्धत वायफायवर चांगली चालते. दोन्ही मार्गांवर एक टक्का नुकसान असेल आणि ते खरोखर परस्पर-स्वतंत्र असेल, तर दोन्ही प्रती हरवण्याचे प्रमाण दहा हजारांत एक होते. दोन्ही रेडिओ एकाच खांबावर आणि एकाच वीजपुरवठ्यावर बसवले तर हे स्वातंत्र्य उरत नाही.

मंद मापनांसाठी वायरलेसहार्ट हे औद्योगिक बिनतारी मानक विचारात घ्यावे. त्यात १० मिलिसेकंदांचे ठरलेले खण असतात आणि प्रत्येक प्रसारणाला चॅनेल बदलतो, त्यामुळे टकरी टळतात. ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लोरा उपकरणे टाकीची पातळी कळवायला पुरतात, लूप चालवायला नाहीत. खाजगी ५जी जाळे मध्यम कारखान्याच्या खर्चात आज क्वचितच बसते.

प्रत्येक बदलानंतर तिसऱ्या पायरीतली पूर्ण दिवसाची चाचणी पुन्हा चालवावी, एका वेळी एकच बदल करावा आणि आधीचे-नंतरचे तीन आकडे तारखेसह पॅनेलच्या दारावर लावलेल्या वहीत नोंदवावेत. चाचणीची स्क्रिप्ट कायम चालू ठेवून सलग खंडाची मर्यादा ओलांडताच अलार्म येईल अशी जोडणी करता आली, तर शेजारच्या शेडमध्ये नवा ॲक्सेस पॉइंट बसल्याचे इन्स्ट्रुमेंटेशन विभागाला दाब बिघडण्यापूर्वी समजते.